निरोगी नमुना

“ताई, अजून कोमट हाय, टोपन जरा जपून उघडा,” असं म्हणत नेमाण्णांनी कापडी पिशवीतून बाटली काढली आणि माझ्या टेबलावर, चहाच्या कपाला लागून ठेवली.

मी कप उचलून खिडकीत ठेवला. अण्णा हसले.

“घान वाटतीय व्हय?”

“छे हो, अण्णा. चहा सांडला बाटलीत, तर माझा नमुना वाया जाईल.”

त्यावर ते आणखी हसले आणि पंप चालू करायला आतल्या खोलीत गेले.

बाटलीत त्यांची सकाळची लघवी होती. वीस वर्षं होतील या गोष्टीला. मिरजेजवळच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. काचेच्या पट्टीवर सोन्याचा थर द्यायचा, इतका पातळ की पट्टी उजेडाकडे धरली तर पलीकडचं सगळं हिरवट दिसावं. त्या थरावर एक प्रतिपिंड बसवायचं. ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तेवढं ओळखतं आणि धरून ठेवतं. धरलं की मीटरवरचा आकडा चढतो. मूत्रपिंडं बिघडायला लागली की हे प्रथिन लघवीत गळायला लागतं, आणि माणसाला काही त्रास जाणवायच्या कितीतरी आधी गळायला लागतं. खेड्यातल्या दवाखान्यात थेंबभर लघवी पट्टीवर टाकावी आणि दोन मिनिटांत उत्तर मिळावं, असं माझं स्वप्न होतं. स्वप्न कसलं, हट्टच होता तो.

सोन्याचा थर देण्याचं काम अण्णांचं; थराला ते ‘फिल्म’ म्हणायचे. नेमिनाथ उपाध्ये त्यांचं नाव, पण अख्खं कॉलेज त्यांना नेमाण्णा म्हणायचं. शिपाई म्हणून लागलेला हा माणूस वीस वर्षांत कोटिंगच्या यंत्राचा वैद्य झाला होता. यंत्रावरचं घंटेसारखं काचेचं मोठं झाकण खाली उतरवलं, आतली हवा ओढायला लागलं, की पंपाच्या आवाजावरून ते सांगायचे, “आज दम खातंय, अर्ध्या तासानं सोनं घालू.” मीटर नंतर तेच सांगायचा.

आता पट्टीचं शून्य ठरवायचं तर निरोगी माणसाची लघवी हवी. नुसत्या पाण्यानं भागत नाही, कारण लघवीतले क्षारही आकड्यात ढवळाढवळ करतात. माझे मार्गदर्शक तगारे सर. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “उज्ज्वला, किमान दहा निरोगी माणसांचे नमुने घे. वेगवेगळ्या वयाचे.”

दहा! मी बाटल्या घेऊन हिंडले तर मुलं पाठ फिरवून फिदीफिदी हसली, मुली “चल, काहीतरीच काय” म्हणून पळाल्या आणि केमिस्ट्रीच्या एका प्राध्यापकांनी मला जवळ बोलावून, लग्नाचं वय झालेल्या मुलीनं असले विषय घेऊ नयेत असा सल्ला दिला. मी रडकुंडीला आले होते. तेव्हा अण्णाच आपण होऊन म्हणाले, “माजं घ्या की. रोज वाया तर जातंय.”

आणि अण्णांहून निरोगी माणूस शोधायचा तरी कुठे? वय त्रेपन्न. अंकलीहून नऊ किलोमीटर सायकल मारत यायचे. तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणार. आजारपणाची एक रजा त्यांनी कधी घेतलेली नव्हती. ऑफिसातले कारकून त्यांचं उदाहरण देऊन इतरांना टोचायचे. त्यामुळे आठवड्यातून तीनदा त्यांची बाटली येऊ लागली आणि मी बाकीच्यांच्या मागे लागणं सोडून दिलं.

पहिल्याच पट्टीवर आकडा आला चाळीस.

यायला हवा होता शून्याच्या आसपास. मी दुसरी पट्टी घेतली. एकोणचाळीस. तिसरी, बेचाळीस. क्षारांचं साधं द्रावण टाकलं तर शून्य, आणि अण्णांचा नमुना टाकला की चाळीस. मला वाटलं, सोन्याच्या थरात कुठेतरी खोट आहे. लघवीतलं नको ते त्याला चिकटतंय. मी अण्णांच्या मागे लागले.

“अण्णा, काच नीट धुतली नव्हती तुम्ही.”

“तीनदा धुतली, ताई.”

“मग हात लागला असणार.”

“हातमोजं हुतं की.”

“मग हे चाळीस येतात कुठून?”

 ते काच नऊ वेळा धुवायला लागले. हातमोज्यांवर हातमोजे चढवायला लागले. एकदा मी चिडून म्हटलं की तुमच्या डोक्याच्या तेलाची वाफ बसत असेल थरावर, तर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डोक्याला तेल लावणं बंद केलं. केस वाळक्या गवतासारखे उभे राहायचे. मुलं चेष्टा करायची. अण्णा कुणाला कारण सांगायचे नाहीत. सहा महिन्यांत त्यांनी मला दीडशेच्या वर पट्ट्या करून दिल्या आणि दर वेळी दाराशी उभं राहून विचारलं, “जमलं का वो आज?”

“नाही जमलं,” मी मीटरवरून नजर न काढता म्हणायची.

शेवटी मी कंटाळले. आकडा दर वेळी चाळीसच येत असेल तर तो पट्टीचा स्वभाव समजावा, तिथेच शून्य धरावं आणि बाकीच्या सगळ्या आकड्यांतून चाळीस वजा करावेत, अशी युक्ती मी काढली. सरांना सांगितली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“नमुने दहा घेतलेस ना?”

“घेतले, सर.”

नमुने खरंच दहा होते. माणूस एकच होता. सरांनी माणसांचं विचारलं नव्हतं, मी सांगितलं नाही. तेव्हा मला ते खोटं बोलणं वाटलंच नाही, चतुराई वाटली.

मग मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यातून रुग्णांचे साठ नमुने मिळाले, त्यांच्या तपासण्यांच्या निकालांसकट. चाळीस वजा केल्यावर त्रेपन्न नमुने रांगेत बसले. उरलेल्या सातांचं उत्तर शून्याच्या खाली गेलं. आता शून्यापेक्षा कमी प्रथिन कुणाच्या लघवीत असतं का? एवढं साधं मला कळायला हवं होतं. मी काय केलं, तर पट्ट्यांच्या वहीत त्या सातांपुढे लाल शाईनं ‘थर खराब’ असं लिहिलं आणि आलेखातून ते काढून टाकले.

अण्णांनी वही पाहिली. बराच वेळ पाहिली.

“सात खराब निघाल्या व्हय? परत करून देऊ?”

“नको आता. वेळ नाही.”

“न्हाई, मला वाटलं ह्या खेपंला चांगल्या झाल्या हुत्या,” एवढं म्हणून ते गेले.

त्या वर्षी माझा शेवटचा सेमिनार गणपतीत आला. बंगलोरहून एक मोठे शास्त्रज्ञ यायचे होते आणि त्यांना सवड होती ती नेमकी गौरींच्या दिवसांत. या सेमिनारवर सगळं होतं: प्रबंध सादर करायची परवानगी आणि त्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत पुढच्या संशोधनाची जागा. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांचं दशलक्षण पर्व सुरू होणार होतं. आदल्या शनिवारी ते चार बाटल्या भरून घेऊन आले.

“धा दिवस म्या न्हाई येनार. औंदा धाच्या धा उपास धरलेत.”

“दहा दिवस काहीच खायचं नाही?”

“दिसातनं येकदा उकळून गार केल्यालं पानी, बस. लई वर्सं मनात हुतं.” त्यांनी बाटल्या मोजून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात लावल्या. “तुमची खोटी नको म्हनून ह्ये आदीच भरून ठिवलंय. सेमिनार झोकात करा.”

सेमिनार शुक्रवारी होता. गुरुवारी लॅबमध्ये मी एकटी होते. बाकीच्या मुली गौरींसाठी घरी गेल्या होत्या. शास्त्रज्ञांसमोर एक पट्टी प्रत्यक्ष चालवून दाखवायची म्हणून मी रंगीत तालीम करायला बसले. फ्रीज उघडला तर आत उबारा. बुधवारभर भारनियमन होतं आणि बाटल्यांतले गोठवलेले नमुने वितळून गेले होते. वितळलेला नमुना वापरू नये असा नियम मी स्वतःच केलेला. आता निरोगी माणूस आणायचा कुठून? मग लख्ख उजेड पडावा तसं वाटलं की अगं बाई, तू नाहीस का निरोगी? आठ महिन्यांत हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या दारी बाटल्या घेऊन हिंडले, पण स्वतःचा नमुना म्हटल्यावर मीही त्या पळालेल्या मुलींपैकीच एक होते.

माझ्या नमुन्याचा आकडा आला दोन.

मी आनंदानं टाळी वाजवली. म्हटलं, थर सुधारला! अण्णांनी जाता जाता केलेल्या या शेवटच्या पट्ट्या जमल्या! लगेच खाली पहारेकऱ्याकडे धावत गेले. तो बिचारा “गनपतीत काय काय मागताय, मॅडम” म्हणत कसाबसा बाटली भरून घेऊन आला. त्याचा आकडा तीन.

मग त्याच डब्यातली, त्याच दिवशी केलेली पट्टी घेऊन मी अण्णांची वितळलेली बाटली उघडली. थेंब टाकला. एक्केचाळीस.

मी दुसरी पट्टी घेतली. एक्केचाळीस. खुर्चीत बसले. नंतर उठून केमिस्ट्रीच्या लॅबमधून स्पिरिटचा दिवा आणि ॲसेटिक आम्ल आणलं. लघवीत प्रथिन आहे का हे पाहायची एक जुनी, खेड्यातल्या कंपाउंडरलाही ठाऊक असलेली रीत आहे: परीक्षानळीत घालायची, वरचा भाग तापवायचा, आम्लाचे दोन थेंब टाकायचे. मी माझी तापवली. पाण्यासारखी स्वच्छ राहिली. अण्णांची तापवली, आणि नळीचा वरचा भाग माझ्या डोळ्यांसमोर पांढुरका होत गेला, अंड्याचा बलक सोडून उरलेलं शिजतं तसा.

दोन मिनिटांचं काम होतं. आठ महिने मी ते केलं नव्हतं.

थर चांगले होते. सगळेच्या सगळे, दीडशे थर पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होते. ते सात नमुनेही खरे होते. त्या सात जणांच्या लघवीत अण्णांपेक्षा कमी प्रथिन होतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि अण्णा आज चौथ्या दिवशी उपाशी, दिवसाला एकदा पाणी पिऊन अंकलीत पडून होते. आधीच आजारी मूत्रपिंडांना असा कोरडा उपास किती महागात पडू शकतो हे मी माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात कुठून कुठून गोळा करून लिहिलं होतं.

अण्णांच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर माझ्या वहीत होता. मी रिसीव्हर उचलला. तीन आकडे फिरवले आणि ठेवून दिला.

काय सांगायचं, कसं सांगायचं, असं स्वतःला समजावत राहिले. पण खरं कारण तेव्हाही मला स्वच्छ माहीत होतं. आज सांगितलं तर सरांना सांगावं लागेल, सरांना सांगितलं तर उद्याचा सेमिनार रद्द होईल, कारण माझं शून्यच चुकलेलं होतं. उद्या दुपारी सांगितलं तर? चार दिवस गेलेच आहेत, एकानं काय होतं? एकच दिवस. मी दिवा विझवला, नळी धुऊन टाकली आणि घरी जाऊन साडीला इस्त्री केली.

सेमिनार झोकात झाला. अण्णांच्याच वितळलेल्या नमुन्यावर मी पट्टी चालवून दाखवली. आलेख पडद्यावर आला, त्रेपन्न ठिपके एका रेषेत, बघणाऱ्याचे डोळे निवावेत असे. बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी बारीक बारीक प्रश्न विचारले आणि मी न अडखळता उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, “शून्यासाठी निरोगी नमुना कुणाचा घेतलात?”

मी क्षणभर सरांकडे पाहिलं. ते कौतुकानं माझ्याकडे बघत होते.

“आमच्याच विभागातले एक गृहस्थ आहेत,” मी म्हणाले. “त्रेपन्न वर्षांचे. आजवर आजारपणाची एकही रजा घेतलेली नाही.”

“उत्तम,” ते म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. टाळ्या पडल्या.

पेढे वाटून होईपर्यंत तीन वाजले. मी साडीवरच स्कूटी काढली आणि अंकली गाठली.

अण्णा सोप्यात गोधडीवर पडले होते. अंगावर पांढरं धोतर, उशाशी पाण्याचं झाकलेलं भांडं. मला बघून उठायला गेले, पण त्यांना उठता आलं नाही. त्यांच्या पत्नी सुशीलाअक्का पायाशी बसल्या होत्या. पाय सुजून चकचकीत झाले होते.

“उपासानं हुतंय म्हनं असं,” अक्का म्हणाल्या. “पानी धरतंय अंगात.”

“कसा झाला सेमिनार?” अण्णांनी विचारलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. चाळीसचा आकडा कुठून येत होता ते. नळी तापवल्यावर काय झालं ते. मूत्रपिंडं म्हणजे काय, प्रथिन गळतं म्हणजे काय, उपास आत्ता, या घटकेला का सोडायला हवा.  अण्णा छताकडे बघत ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“म्हंजे फिल्मा बरोबर हुत्या?”

“अण्णा, मी काय सांगतेय तुम्हाला…”

“त्ये कळलं. फिल्मा बरोबर हुत्या का, त्ये सांगा.”

“बरोबर होत्या.”

“पयल्यापास्नं?”

“पहिल्यापासून.”

“आनि त्या लाल शाईच्या सात?”

“त्याही.”

त्यांच्या सुकलेल्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मला रडू कोसळलं. “ऐकलंस का गं?” ते बायकोला म्हणाले, “माज्या हाताचा दोस न्हवता. पारनं झालं की डोस्क्याला चांगलं वाटीभर तेल घालनार बघ.”

अक्का हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“आट म्हैनं ह्येंची बाटली तुमच्या टेबलावर येत हुती,” त्या म्हणाल्या. “आनि तुमास्नी आज कळलं?”

“हो,” मी म्हणाले. “आजच कळलं.”

“कळल्या कळल्या धावत आल्या, बघ,” अण्णा म्हणाले. “अंगावरची साडी बी न बदलता.”

उपास सोडायला मात्र ते तयार होईनात. पाच झाले, पाच राहिले, घेतलेलं व्रत मध्येच कसं टाकायचं, असं त्यांचं चाललं होतं. तेव्हा अक्का उठल्या, आत गेल्या, मुगाचं पाणी गरम करून वाटी घेऊन आल्या आणि त्यांच्या तोंडाशी धरून म्हणाल्या, “देव काय रागवत न्हाई आपला, त्यो वीतराग हाय. रागवनारी म्या हाय. प्या मुकाट.”

अण्णांनी हात जोडले, पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि वाटी तोंडाला लावली. दिवस मावळायच्या आत आम्ही त्यांना जीपमध्ये घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता कुणास ठाऊक. तो कधी कुणी मोजलाच नव्हता. दोन्ही मूत्रपिंडं मिळून तिसरा हिस्सा जेमतेम चालत होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “दहा दिवस पुरे केले असते तर अवघड होतं. वेळेवर आणलंत.”

“आणि काल आणलं असतं तर?”

“काल म्हणजे?”

“म्हणजे, चौथ्या दिवशी.”

“एका दिवसाचा हिशेब कोण सांगणार?” डॉक्टर म्हणाले. “फरक पडलाही असता, नसताही पडला.”

त्यांना वाटलं मी सहज विचारतेय. मी दोन दिवस झोपले नाही.

सोमवारी सकाळी भेटायला गेले तर अण्णा उशाला टेकून बसले होते. सूज थोडी उतरली होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ते रंगात येऊन सांगत होते, “यंत्रानं माजं दुखनं धरलं बगा. म्याच थर दिल्यालं यंत्र. आनि ह्या ताई, तेवडा मोठा सेमिनार, बंगलोरचं सायब आल्यालं, पन कळल्या घटकंला समदं टाकून पळत आल्या अंकलीला. असं मानूस मिळत न्हाई.”

म्हातारा माझ्याकडे बघून हात जोडायला लागला. मला ते सोसवेना.

“अण्णा,” मी म्हणाले, “शुक्रवारी नाही. गुरुवारी कळलं होतं मला.”

त्यांना नीट उमगलं नाही. “गुरवारी?”

“गुरुवारी दुपारी. फोन उचलला होता तुम्हाला कळवायला. पण मग सेमिनार बुडाला असता. म्हणून ठेवून दिला. सेमिनार करून, पेढे वाटून मग आले.”

अक्का तांब्यात पाणी ओतत होत्या. त्यांचा हात थांबला. अण्णा चादरीच्या कडेची सुरकुती अंगठ्यानं सपाट करत राहिले. काचेवरचा धुळीचा कण काढताना त्यांचा अंगठा असाच सावकाश फिरायचा.

“सायबानं इच्यारलं आसंल,” ते म्हणाले. “नमुना कुनाचा म्हनून.”

“विचारलं.”

“मंग काय सांगितलासा?”

मी जे बोलले होते ते शब्द न शब्द सांगितलं. त्रेपन्न वर्षांचे. आजवर एकही रजा नाही.

“तवा तुमास्नी ठावं हुतं.”

“हो.”

“त्ये बरं न्हाई केलासा,” अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. मग ते कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड करून. अक्कांनी तांब्या खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, “या आता तुमी. त्येंस्नी पडू द्या.”

त्याच दुपारी मी सरांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं; त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खूप वेळ डोळे चोळले. मग एवढंच म्हणाले, “बंगलोरला पत्र तू लिही. मी सही करतो.” ती जागा गेली. साठही नमुने बाद झाले. पुढची दोन वर्षं मी पहिल्यापासून काम केलं, दहा नव्हे, चाळीस निरोगी माणसं जमवली, प्रत्येकाची आधी दवाखान्यात तपासणी करून घेतली. प्रबंध झाला, नोकरी लागली, पट्टीही पुढे चार दवाखान्यांत चालली. अण्णा गोळ्यांवर आणि पथ्यावर अकरा वर्षं जगले, मुलीचं लग्न केलं, नातवाला सायकलवर बसवून हिंडवलं. माझ्या लग्नालाही अक्कांसह आले, अक्षता टाकल्या, जेवून गेले. माझ्याबद्दल वाईट शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर ते कामावर रुजू झाले, त्या दिवशी मी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसले होते. केसांना तेल होतं, चेहरा उतरलेला होता. आल्या आल्या ते आतल्या खोलीत गेले. पंप सुरू झाला. दुपारपर्यंत तो चालू होता. मग अण्णा पट्ट्यांचा डबा घेऊन बाहेर आले, डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. पाच थर, आरशासारखे, एकावर ठिपका नाही.

“पाच हैत, मॅडम,” ते म्हणाले. “बगून घ्या.”

आठ महिन्यांत त्यांनी मला या नावानं कधी हाक मारली नव्हती. मी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय का म्हणून. लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो.